जडसंग्रह नोंदवही आणि कर्नल : ४८ संगणकांच्या गणनेच्या नोंदी

५ मे २०२५

आमच्या महाविद्यालयाच्या दोन संगणक प्रयोगशाळांत मिळून ४८ यंत्रे आहेत : ३८ डेस्कटॉप, ६ लॅपटॉप आणि ४ रास्पबेरी पाय (एकाच छोट्या पट्टीवरचे संगणक, पुढे नुसते ‘पाय’). दर उन्हाळी सुटीत जडसंग्रहाची, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या साठ्याची, पडताळणी होते. तेव्हा मी आणि आमचे शिपाई काका स्क्रूड्रायव्हर घेऊन एकेक कॅबिनेट उघडतो, रॅमच्या पट्टीवरचे स्टिकर वाचतो आणि नोंदवहीतल्या ओळीशी जुळवतो. गेल्या वर्षी या कामात नऊ दिवस गेले आणि माझ्याच हातून एका मदरबोर्डावरील रॅमची खाच तुटली. लिनक्सचा कर्नल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा त्याचा गाभा, ही सारी माहिती फाइलींच्या रूपात आधीच मांडून ठेवत असल्याने, ती वाचून नोंदवहीचे रकाने भरणारा एक छोटा पायथन प्रोग्राम यंदा लिहावा असे मी ठरवले.

डेस्कटॉप आणि लॅपटॉपवर उबंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली आहे, तर पायवर त्यांची स्वतःची ६४-बिट प्रणाली आहे. यंत्रे बसवून देणाऱ्या एजन्सीने २२ यंत्रांचा रूट (सर्वाधिकारी खात्याचा) पासवर्ड कधी दिलाच नाही, त्यामुळे साध्या विद्यार्थी खात्यातून जेवढे मिळेल तेवढ्यावर प्रोग्राम चालला पाहिजे ही अट पहिल्याच दिवशी पडली. फाइलींचे मार्ग मी येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहीत आहे. टंकताना ते अर्थातच रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत लिहावेत.

६ मे

घरी बसून प्रोग्राम लिहिता यावा म्हणून प्रयोगशाळेतल्या एका यंत्राचे संपूर्ण /सिस (कर्नल हार्डवेअरची माहिती जेथे मांडतो ती डिरेक्टरी) ‘टार’ या आज्ञेने एका फाइलीत बांधून नेण्याचा प्रयत्न केला. टारने फाइल वाचताना लहान झाली, म्हणून उरलेली जागा शून्यांनी भरतो, अशी तक्रार शेकडो वेळा छापली. घरी उघडून पाहिले तेव्हा ‘१’ एवढाच मजकूर असलेल्या फाइलीही ४०९६ बाइटच्या झाल्या होत्या आणि त्या एका अक्षरामागे सगळी शून्ये होती.

/सिसमधील फाइल डिस्कवर नसतेच. आपण ती वाचायला घेतो त्या क्षणी कर्नल संबंधित ड्रायव्हरला विचारून मजकूर तयार करतो. त्यामुळे तिचा आकार आधी सांगता येत नाही, आणि साध्या फाइलींना नावापुरता एका पानाचा, म्हणजे ४०९६ बाइटचा, आकार दाखवला जातो. टार त्या आकारावर विश्वास ठेवतो. प्रत्येक फाइल शेवटपर्यंत वाचून जेवढा मजकूर मिळेल तेवढाच लिहिणारी दहा ओळींची स्क्रिप्ट केली, तेव्हा घरी नेण्याजोगी प्रत मिळाली. या प्रकारात एक संध्याकाळ गेली.

७ मे

कालच्या चुकीची उलट बाजू आज भोवली. रिकाम्या फाइली वगळाव्यात म्हणून शून्य आकाराच्या फाइली न उघडण्याची अट मी घातली होती. /प्रॉक या कर्नलच्याच दुसऱ्या डिरेक्टरीतील बहुतेक फाइलींचा आकार शून्यच दाखवला जातो, मग आत शंभर ओळी का असेनात. परिणामी प्रोसेसर आणि रॅम हे दोन्ही रकाने सगळ्या यंत्रांसाठी कोरे आले, आणि मी दीड तास परवानग्या तपासत बसलो. आकार पाहून निर्णय घेणारी प्रत्येक ओळ आता काढून टाकली आहे.

प्रोसेसरच्या रकान्यातही एक घोटाळा होता. /प्रॉक/सीपीयूइन्फोमध्ये प्रत्येक तार्किक प्रोसेसरसाठी वेगळा परिच्छेद असतो, आणि मी परिच्छेद मोजून त्यांनाच कोअर म्हणत होतो. चार कोअरचा प्रोसेसर, ज्याचा प्रत्येक कोअर दोन धागे चालवतो, तो नोंदवहीत आठ कोअरचा झाला. ‘फिजिकल आयडी’ आणि ‘कोअर आयडी’ यांच्या वेगवेगळ्या जोड्या मोजल्यावर आकडा बरोबर आला.

९ मे

आज सकाळी ११ ते ३ वीज नव्हती. त्यानंतर रॅमच्या मागे लागलो.

/प्रॉक/मेमइन्फोमधील ‘मेमटोटल’ म्हणजे बसवलेली रॅम नव्हे. फर्मवेअरने (मदरबोर्डातच भरलेल्या, बायोससारख्या सॉफ्टवेअरने), अंगभूत ग्राफिक्सने आणि स्वतः कर्नलने राखून ठेवलेला भाग वजा जाऊन जे उरते ते तेथे दिसते. ८ जीबीच्या यंत्रावर मला ७.६ मिळाले, आणि पूर्णांक भागाकार केल्यामुळे यादीत ७ उमटले. मुख्य लिपिकांनी कच्ची यादी पाहून प्रत्येक यंत्रातला एकेक जीबी कोठे गेला असे विचारले. प्रश्न हसून सोडण्यासारखा नव्हता, कारण नोंदवहीत ८ लिहिलेले असताना पडताळणीत ७ आले तर त्याचा अर्थ रॅम काढून नेली असा होतो.

विद्यार्थी खात्यातून मिळणारा दुसरा मार्ग /सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/मेमरी येथे आहे. तेथे कर्नल रॅमचे समान तुकडे करून प्रत्येक तुकड्याची एक डिरेक्टरी दाखवतो आणि ‘ब्लॉक_साइझ_बाइट्स’ या फाइलीत एका तुकड्याचा आकार देतो. त्या फाइलीत ८०००००० हा आकडा होता आणि तुकडे ६४ होते. गुणाकार करून मला ५१२ एमबी मिळाले, म्हणजे प्रकरण आधीपेक्षा बिघडले. तो आकडा षोडशमान (सोळाच्या पायाच्या) पद्धतीत असतो आणि तसे सांगणारे कोणतेही चिन्ह त्याच्याआधी नसते, हे कळायला चाळीस मिनिटे लागली. षोडशमान ८०००००० म्हणजे १३,४२,१७,७२८ बाइट, अर्थात १२८ एमबी. आणि ६४ गुणिले १२८ म्हणजे नेमके ८ जीबी. या पद्धतीने बहुतेक यंत्रांचा आकडा स्टिकरशी जुळला. मात्र ती रॅम एका पट्टीत आहे की दोन, हे येथे कळत नाही. ती माहिती फर्मवेअरच्या डीएमआय तक्त्यात (यंत्राच्या भागांच्या यादीत) असते आणि तो रूटशिवाय वाचता येत नाही.

१० मे

हार्ड डिस्क. /सिस/ब्लॉक/एसडीए/साइझमध्ये ९७६७७३१६८ हा आकडा होता. शेजारच्या क्यू डिरेक्टरीत भौतिक सेक्टर ४०९६ बाइटचा लिहिला होता, म्हणून दोहोंचा गुणाकार केला आणि आमच्या प्रयोगशाळेत अचानक ४ टीबीच्या १७ डिस्क निघाल्या. या फाइलीतील आकडा डिस्कचा सेक्टर कितीही मोठा असला तरी नेहमी ५१२ बाइटच्या एककात असतो. ५१२ ने गुणल्यावर ५०० जीबी आले, तेही दशमान जीबी. १०२४ च्या पटीत मोजल्यास ४६५ भरतात. नोंदवहीत बिलावरचा, म्हणजे दशमान आकडा असतो, म्हणून प्रोग्रामही आता दशमान भाषेतच बोलतो.

डिस्कचे मॉडेल वाचताना नावाचे शेपूट तुटलेले दिसले. साटा जोडणीची डिस्क कर्नलच्या स्कझी या जुन्या डिस्क-जोडणीच्या थरातून दिसते आणि त्या जुन्या रचनेत मॉडेलसाठी १६ अक्षरांचीच जागा आहे. उत्पादकाच्या जागी तर सगळीकडे ‘एटीए’ एवढेच असते. पूर्ण नाव आणि अनुक्रमांक यूडेव्ह हा उपकरणांची नोंद ठेवणारा प्रोग्राम स्वतः डिस्कला विचारून आपल्या नोंदीत ठेवतो, आणि ‘यूडेव्हॲडमिन इन्फो’ ही आज्ञा ते साध्या खात्यालाही सांगते (टंकताना तिचे नाव ‘यूडेव्हॲडम’ असे आखूड आहे). म्हणजे डिस्कपुरते कर्नलला न विचारता यूडेव्हला विचारणे सोयीचे ठरले.

यादीत प्रत्येक यंत्रावर दहाबारा फुकटच्या ‘डिस्क’ही होत्या. त्या लूप उपकरणे, म्हणजे डिस्कसारख्या जोडलेल्या साध्या फाइली, निघाल्या. उबंटूतील स्नॅप पॅकेजे तशीच जोडलेली असतात. ज्या नोंदीखाली ‘डिव्हाइस’ नावाची सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी नोंद) नाही ती नोंद खऱ्या वस्तूची नाही, असा नियम केला. नेटवर्क कार्डांच्या यादीतून ब्रिज आणि आभासी जोडण्या गाळायलाही हाच नियम पुरला.

१३ मे

आजचा दिवस अनुक्रमांकांचा. /सिस/क्लास/डीएमआय/आयडी येथे मदरबोर्डाचा उत्पादक, मॉडेल, बायोसची आवृत्ती आणि तारीख कोणालाही वाचता येते, पण ‘प्रॉडक्ट_सिरियल’, ‘बोर्ड_सिरियल’ आणि ‘प्रॉडक्ट_यूयूआयडी’ या फाइली फक्त रूटला वाचता येतात. त्यामागचे कारण मला पटते : असा क्रमांक कोणत्याही प्रोग्रामला मिळू लागला तर यंत्राची, आणि पर्यायाने माणसाची, कायमची ओळख त्याच्या हाती जाते. नोंदवहीला मात्र नेमका तोच क्रमांक हवा असतो.

ज्या यंत्रांचा पासवर्ड नाही ती पेनड्राइव्हवरील लाइव्ह (डिस्कवर न बसवता चालणाऱ्या) उबंटूतून सुरू केली, कारण तेथे रूट होण्यास पासवर्ड लागत नाही. प्रत्येकी ३८० रुपयांचे दोन पेनड्राइव्ह घेतले. विभागप्रमुख मॅडमची लेखी परवानगी आधी घेतली होती. हे काम करणाऱ्या प्रत्येकाने ती घ्यावी.

१४ मे

लाइव्ह पद्धतीने केलेल्या पहिल्या नऊ यंत्रांत प्रत्येकी एक जास्तीची हार्ड डिस्क निघाली, आणि तीही फिरत्या तबकडीची! तो माझाच पेनड्राइव्ह होता. ‘रोटेशनल’ या फाइलीत १ असेल तर तबकडी आणि ० असेल तर एसएसडी असे मी धरले होते. पण स्वतःबद्दल काहीच न सांगणारे उपकरण तबकडीचे आहे असे कर्नल गृहीत धरतो आणि पेनड्राइव्ह सहसा काही सांगत नाहीत. ‘रिमूव्हेबल’ फाइलीवरही विसंबता येत नाही, कारण बाहेरून जोडायच्या यूएसबी हार्ड डिस्कवर ती बहुधा ० दाखवते. शेवटी /सिस/ब्लॉकमधील नोंद ज्या खऱ्या मार्गाकडे नेते तो पूर्ण मार्ग पाहिला. /सिस/डिव्हायसेसखालील त्या मार्गात पीसीआयच्या क्रमांकानंतर यूएसबीचा दुवा आला की उपकरण बाहेरचे. आतापर्यंत वापरलेल्या खुणांत ही एकच खूण कधी चुकली नाही, कारण तो मार्ग म्हणजे वस्तू कोणाला जोडलेली आहे याचा थेट नकाशा आहे.

१६ मे

४४ यंत्रांची (पाय वगळून) माहिती गोळा करून एकत्र केली आणि अंतिम तक्त्यात ३४ ओळी आल्या. दहा संगणक गायब.

मी यूयूआयडी (यंत्राचा जगात एकमेव असायला हवा असा क्रमांक) हा प्रत्येक ओळीचा किल्लीशब्द, म्हणजे ओळ ओळखण्याची खूण, ठरवला होता, कारण त्याच्या नावातच एकमेवाद्वितीयपणा आहे. सुटे भाग जोडून बनवलेल्या आमच्या ११ यंत्रांचा यूयूआयडी मात्र अक्षरशः एकच होता : ०३०००२०० ने सुरू होणारा आणि ०५, ०६, ०७, ०८, ०९ असे पाढे म्हणत संपणारा. नंतर कळले की बायोसच्या मूळ साच्यातला हा नमुना क्रमांक असून मदरबोर्ड तयार करणाऱ्याने तो बदलायचा असतो. त्याच यंत्रांच्या अनुक्रमांकात ‘ओईएमने (यंत्र बनवणाऱ्याने) भरावे’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य जसेच्या तसे होते. अकरा यंत्रांच्या ओळी एकमेकींवर लिहिल्या गेल्या आणि शेवटची तेवढी उरली.

यात कर्नलची काही चूक नाही. डीएमआयचा तक्ता फर्मवेअर लिहिते. कर्नल तो वाचून फाइलीत ठेवतो आणि खरेखोटे करत बसत नाही. येथून पुढे मी तक्त्यात प्रत्येक मूल्याशेजारी ते कोणत्या फाइलीतून आले हे लिहिणारा रकाना वाढवला. सुरुवातीलाच वाढवला असता तर दोन दिवस वाचले असते.

किल्लीशब्द म्हणून नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा क्रमांक) घेतला. लगेच तीन लॅपटॉप एकाच ओळीत शिरले, कारण त्यांना जाळ्यावर आणण्यासाठी मी एकच यूएसबी इथरनेट डोंगल आळीपाळीने लावत होतो. १४ मेची खूण येथेही कामी आली : मार्गात यूएसबी असलेले कार्ड धरायचे नाही.

आणखी एक किरकोळ गोष्ट. बंद असलेल्या कार्डाची ‘स्पीड’ फाइल वाचली तर रिकामी न येता चूक परत करते आणि प्रोग्राम तेथेच कोसळतो. फाइल आहे म्हणजे ती वाचता येईलच असे /सिसमध्ये नसते. प्रत्येक वाचन आता चूक पकडणाऱ्या कोंदणात बसवले आहे.

२० मे

मॅडमनी सुचवले की एवीतेवी प्रत्येक यंत्राजवळ जातोच आहोत तर पंख्यात धूळ साठून तापणारी यंत्रेही शोधावीत. /सिस/क्लास/एचडब्ल्यूमॉन/एचडब्ल्यूमॉन०/टेम्प१_इनपुट वाचले. आकडा सेल्सिअसच्या सहस्रांशात असतो, म्हणून १००० ने भागले. सात यंत्रांवर २७.८ अंश आले आणि प्रकृती उत्तम असा शेरा मारून मी पुढे गेलो.

जेवणाच्या सुटीत काका कपाळ पुसत म्हणाले, “सर, खोलीत ३८ अंश आहेत आणि मशीन आपल्यापेक्षा गार कसं?” हवेने थंड होणारा प्रोसेसर खोलीपेक्षा दहा अंश थंड असू शकत नाही, हे त्यांना थर्मामीटर न वाचता कळले आणि मला वाचूनही कळले नव्हते.

त्या डिरेक्टरीतील ‘नेम’ फाइलीत ‘एसीपीआयटीझेड’ असे होते. म्हणजे हे तापमान एसीपीआय या, वीज आणि तापमान सांभाळणाऱ्या, फर्मवेअरने सांगितलेले होते, आणि या बोर्डांवर फर्मवेअर कायम तोच एक आकडा परत करते. दोन तास जड काम देऊनही तो तसूभर हलला नाही. प्रोसेसरचा खरा संवेदक ‘कोअरटेम्प’ नावाने वेगळ्या डिरेक्टरीत होता. काही यंत्रांवर ती एचडब्ल्यूमॉन१ होती तर काहींवर एचडब्ल्यूमॉन२. हे क्रमांक ड्रायव्हर ज्या क्रमाने सुरू होतात त्या क्रमाने मिळतात आणि पुढच्या वेळी यंत्र सुरू केल्यावर बदलू शकतात. ‘नेम’ वाचून निवड केल्यावर त्या सातपैकी दोन यंत्रांनी कामाविना ७१ आणि ७४ अंश दाखवले. उघडली तेव्हा पंख्याच्या पात्यांवर धुळीची लोकर बसली होती.

२२ मे

मॉनिटरांचीही नोंद लागते. /सिस/क्लास/डीआरएममध्ये प्रत्येक व्हिडिओ जोडणीची डिरेक्टरी असते आणि तिच्यातील ‘एडिड’ फाइलीत मॉनिटरने स्वतःबद्दल पाठवलेले किमान १२८ बाइट असतात. (हिचाही आकार शून्य दिसतो, ७ मेची अट राहिली असती तर सगळे मॉनिटर हुकले असते.) सुरुवात एक शून्य, सहा वेळा षोडशमान एफएफ आणि पुन्हा शून्य अशी असते. ती ताडून पाहावी, म्हणजे भलतेच काही वाचले जात नाही.

निर्मितीच्या वर्षासाठी १७ क्रमांकाच्या बाइटमध्ये १९९० मिळवायचे. मी बाइट १ पासून मोजले, ते शून्यापासून मोजायचे असतात. त्यामुळे वर्षाच्या जागी आठवड्याचा क्रमांक आला आणि एक मॉनिटर २०२८ साली तयार झाल्याचे यादीत उमटले. उत्पादकाची तीन अक्षरे दोन बाइटांत, प्रत्येकी पाच बिटांत दाबून भरलेली असतात, आणि मॉडेलचे नाव ५४ व्या बाइटपासूनच्या १८-१८ बाइटच्या चार कप्प्यांपैकी एफसी अशी खूण असलेल्या कप्प्यात मिळते.

पाच मॉनिटर चित्र दाखवत होते पण एडिड रिकामे होते. सगळे व्हीजीए तारेवरचे. ही माहिती तारेच्या १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून येते आणि स्वस्त तारांत त्या जोडलेल्याच नसतात. प्रत्येकी १५० रुपयांच्या दोन चांगल्या तारा आणून आलटूनपालटून लावल्यावर पाचपैकी चार मॉनिटर बोलले. पाचव्याचे मी मागचे स्टिकर वाचून भरले आणि उगमाच्या रकान्यात ‘डोळ्यांनी’ असे लिहिले.

२६ मे

लॅपटॉपच्या बॅटऱ्या. चार लॅपटॉपांवर ‘एनर्जी_फुल’ आणि ‘एनर्जी_फुल_डिझाइन’ या फाइली आहेत, मायक्रोवॉट-तासांत. दोहोंवर त्यांच्या जागी ‘चार्ज_फुल’ आहे, मायक्रोअँपिअर-तासांत. मूळ क्षमतेशी टक्केवारी काढली की एककाचा प्रश्न उरत नाही. एका बॅटरीचे ३१ टक्केच शिल्लक आहेत. ‘सायकल_काउंट’ तीन लॅपटॉपांवर ० होता; एवढ्या वापरानंतर तो खरा असणे शक्य नाही, म्हणून तेथे रकाना कोरा ठेवला.

पायवर डीएमआय नसते. तेथे /प्रॉक/डिव्हाइस-ट्री/मॉडेल वाचले की ‘रास्पबेरी पाय ४ मॉडेल बी’ असे स्वच्छ नाव मिळते, पण मजकुराच्या शेवटी शून्य बाइट असते. ते तसेच तक्त्यात गेले आणि लिपिकांच्या संगणकावर फाइल उघडेना. कारण शोधण्यात दुपार गेली, दुरुस्तीला एक ओळ लागली.

२ जून

यादी कार्यालयात दिली. कामाचे एकूण १४ दिवस झाले, म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा पाच जास्त. पुढच्या वर्षी हेच काम दोन दिवसांत उरकावे. खर्च १०६० रुपये. नोंदवहीशी न जुळलेल्या सहा ओळी निघाल्या. त्यांपैकी चार जुन्या लेखनचुका होत्या. उरलेल्या दोन यंत्रांत मात्र ८ जीबीच्या जागी खरोखर ४ च आहेत. रूटच्या अधिकाराने डीएमआयचा तक्ता वाचला तेव्हा दोन खाचांपैकी एक रिकामी निघाली. त्याची चौकशी मॅडम करणार आहेत.

यूपीएस, प्रोजेक्टर आणि स्विच यांची संगणकाशी माहितीची जोडणीच नसल्याने ते कर्नलला दिसत नाहीत. त्यांच्यासाठी वही-पेन घेऊन उद्या दोन्ही प्रयोगशाळांत फिरायचे आहे.